विंचू डंखतो पायाला, लय बिघडते हृदयाची

हृदयाचा ठोका चुकतो म्हटले की पहिला संशय हृदयावरच जातो. पण बिघाड कधी कधी हृदयात नसतो, त्याला हुकूम देणाऱ्या नसांत असतो, आणि याचा सर्वांत ढळढळीत पुरावा कोकणाच्या मातीतच आहे. मालवण-कुडाळकडे जांभ्याच्या गडग्यात, चिऱ्यांच्या राशीत, नारळाच्या सोडणांखाली लाल विंचू दडून असतो. तो डंखतो पायाच्या बोटाला आणि धडधाकट मुलाचे हृदय काही तासांत लय सोडते. आपल्या इच्छेविना चालणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे दोन भाग हृदयावर सतत काम करतात. एक ठोके वाढवतो, दुसरा त्यांना आवरतो. विंचवाचे विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंदच होऊ देत नाही, त्यामुळे दोन्ही भाग बेफाम होतात. आधी उलट्या, घामाच्या धारा, कधी मंदावलेली नाडी. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, ठोके जलद आणि मध्येच चुकणारे. शेवटी फुप्फुसात पाणी.

महाड परिसरात रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे रुग्णांच्या उशाशी बसून टिपली आणि 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. 1986 मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपयोग दाखवला. ही रक्तदाबाची स्वस्त गोळी आहे, ठोके सुधारणारे औषध नव्हे. ती नसांच्या हुकमाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. हे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास आले. कुणी विचारेल, नाडी मंद असेल तर ती वाढवणारे औषध आणि जलद असेल तर मंदावणारे का देऊ नये? कारण अ‍ॅट्रोपिन हे नाडी वाढवणारे औषध दिले की आवरणारी नस गप्प होते आणि उरलेले वादळ मोकाट सुटते. बीटा ब्लॉकरने ठोके कमी झाले तरी आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात.

दुसरा आक्षेप असा, की हे विषाचे टोकाचे उदाहरण आहे, रोजच्या धडधडीशी त्याचा काय संबंध? नसा त्याच आहेत. प्रत्यारोपणाने बदललेल्या हृदयाला या नसा जोडलेल्या नसतात, म्हणून ते स्वस्थ बसलेल्या माणसातही जलद चालते. जन्मजात दोषाच्या एका प्रकारात पोहताना घातक लयबिघाड होतो, तर काहींची लय जड जेवणानंतर, रात्रीच्या विश्रांतीत बिघडते. अर्थात जुन्या झटक्याचा व्रण किंवा पोटॅशियमची कमतरताही कारण असते, तेव्हा ईसीजी आणि रक्ततपासणी टाळून 'नसांचे आहे' म्हणणे धोक्याचे. पण तपासणीत हृदय ठीक दिसले म्हणून रुग्णाची तक्रार मनाचे खेळ ठरवणेही तितकेच चूक.

विंचूदंशात नुसती असह्य आग बहुधा जीवघेणी नसते. वेदना कमी, पण घाम, उलट्या आणि हातपाय गार, हे मात्र धोक्याचे. अशा वेळी उतारा-मंत्रात तास घालवू नका. प्राझोसिन आणि विंचूदंशावरचे प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय ताबडतोब गाठा.