साखरेच्या द्रावणात प्रकाश का वळतो?

ध्रुवणमापी हे उपकरण तुमच्यापैकी काहींनी महाविद्यालयाच्या किंवा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाहिले असेल. त्यातील ध्रुवक प्रकाशाची कंपने एकाच प्रतलात आणतो. हा प्रतलध्रुवित प्रकाश साखरेच्या द्रावणातून गेला की कंपनांचे प्रतल वळते. किती वळले ते नळीपलीकडचा विश्लेषक फिरवून मोजतात. १०० मिलिलिटर द्रावणात १० ग्रॅम साखर आणि नळी २० सेंटिमीटर लांब असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात हे वलन सुमारे १३.३ अंश भरते.

आता ध्रुवकापुढे चतुर्थांश-तरंग पट्टी तिचा अक्ष ४५ अंशांत ठेवून बसवा. प्रकाश वर्तुळध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे गोल फिरू लागते. नळीत पाणी असो वा साखर, विश्लेषक कसाही फिरवला तरी त्यातून निम्माच प्रकाश येतो. मग साखरेचा या प्रकाशावर काहीच परिणाम होत नाही काय?

होतो! वलनाचे रहस्य त्यातच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याने १८२२ मध्ये दाखवले, की प्रतलध्रुवित प्रकाश म्हणजे उजवीकडे व डावीकडे फिरणाऱ्या दोन वर्तुळध्रुवित प्रकाशांची बेरीज होय. साखरेत उजवा घटक किंचित वेगाने जातो, डावा मागे पडतो.

समजा, गोल मैदानावर दोन मुले एकाच जागेवरून विरुद्ध दिशांना सारख्या वेगाने धावत आहेत. त्यांच्या भेटीच्या जागा ठरलेल्या असतात. एक मुलगा थोडा मागे राहिला, तर भेटीची जागा त्या अंतराच्या निम्म्याने सरकते. प्रकाशाचे प्रतल असेच सरकते. वरील उदाहरणात दोन घटकांमध्ये २६.६ अंशांचे अंतर पडते, म्हणून वलन १३.३ अंश. एकटाच मुलगा धावत असेल, तर तो मागे पडला तरी भेटीची जागा कोठून मिळणार? वर्तुळध्रुवित प्रकाशाचे असेच होते.

दोन घटकांच्या वक्रीभवनांकांतील फरक येथे कोटीत सुमारे दोन एवढाच आहे. परंतु नळीच्या लांबीत साडेचार लाखांहून अधिक तरंग मावतात, म्हणून तो साठत जाऊन डोळ्यांना दिसतो.

जाता जाता एक प्रश्न : साध्या, अध्रुवित प्रकाशातही विश्लेषक फिरवून तेजात फरक पडत नाही. मग तो वर्तुळध्रुवित प्रकाशापासून वेगळा कसा ओळखाल? विश्लेषकाआधी आणखी एक चतुर्थांश-तरंग पट्टी ठेवली तर काय होईल, याचा विचार करा.