आळंदीच्या झाडापासून भगव्यापर्यंत

संगमनेर, राहाता, राहुरी या पट्ट्यात डाळिंबाची कुठलीही बाग दाखवा, ती बहुधा भगव्याचीच निघते. साल केशरी, चकचकीत आणि जाड. आत गर्द लाल दाणे, आणि बी इतकं मऊ की दातात अडकत नाही. जाड सालीमुळे माल दूरच्या बाजारातही टिकतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 2003-04 च्या सुमारास ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली. तिचं मूळ शोधत मागं गेलं, तर वाट राहुरीहून पुण्याच्या गणेशखिंडीत आणि तिथून आळंदीच्या एका झाडापाशी पोचते.

गणेशखिंडीचं वनस्पती उद्यान 1870 च्या दशकातलं. जी. मार्शल वुडरो तिथले अधीक्षक होते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. झाडं राखणारा आणि झाडं शिकवणारा माणूस तिथं एकच होता, आणि गणेशखिंडीच्या परंपरेचं सगळं बळ त्यातच होतं. त्यांचं ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक बागायतदारांनी बराच काळ वापरलं. आंब्याचा त्यांना विशेष ध्यास होता. शंभरी ओलांडलेली आंब्याची झाडं गणेशखिंडीत आजही उभी आहेत.

पुढं डॉ. जी. एस. चीमा यांचा काळ आला. मुंबई सरकारचे हे फळबागतज्ज्ञ नवं झाड हुडकण्यात वाकबगार होते. पेरूच्या रोपांतून त्यांनी ‘लखनौ-49’ निवडला. तोच पुढं ‘सरदार’ झाला, आणि राहात्याच्या पेरूबागांतलं ते घरचंच नाव. द्राक्षातली ‘चीमा साहेबी’ही त्यांचीच. 1936 मध्ये त्यांनी आळंदीच्या डाळिंबातून मऊ बियांचं एक झाड वेगळं काढलं. त्याला नाव मिळालं जीबीजी-1, म्हणजे गणेशखिंड बोटॅनिकल गार्डनच्या इंग्रजी आद्याक्षरांपुढं एक आकडा. 1970 मध्ये त्याचं ‘गणेश’ झालं. हजारो एकरांवर पसरलेल्या जातीच्या पहिल्या नावात तिला जपणारी बाग होती, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे.

29 मार्च 1968 रोजी महाराष्ट्र कृषी विद्यापीठ, म्हणजे आजच्या राहुरी विद्यापीठाचं मूळ, स्थापन झालं. 1969 मध्ये अकोल्याचं आणि 1972 मध्ये दापोली व परभणीचं विद्यापीठ वेगळं झालं. राहुरीकडं पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्राचे जिल्हे राहिले. 1907 मध्ये सुरू झालेलं पुण्याचं कृषी महाविद्यालय, गणेशखिंडीची बाग, पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र, असा जुना वारसा एका छत्राखाली आला. मुख्यालय मात्र कमी पावसाच्या नगर जिल्ह्यात, मुळा नदीच्या टापूत. लगोलग 1972 चा दुष्काळ पडला. पाण्याच्या ताणात तग धरणारी फळझाडं इथं महत्त्वाची का ठरली, हे त्या वर्षानं सगळ्यांना शिकवलं.

‘गणेश’मध्ये उणीव होती ती रंगाची. चव गोड, बी मऊ, पण दाणा फिकट गुलाबी. म्हणून गर्द लाल दाण्याच्या ‘गुल-ए-शाह रेड’शी त्याचा संकर केला गेला. त्या संकराच्या पिढ्यांतून निवड करत आधी ‘मृदुला’, मग ‘फुले आरक्ता’ आणि ‘भगवा’ आले. निवड हा शब्द इथं सोपा वाटतो. प्रत्यक्षात बियांपासून वाढवलेलं प्रत्येक झाड निराळं निघतं. ते फळावर यायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, बहारामागून बहार नोंदी ठेवाव्या लागतात आणि बहुतेक झाडं अखेर बाद करावी लागतात. 1936 ते 2003 म्हणजे सदुसष्ट वर्षं. एवढ्या काळात त्या झाडांना पाणी घालणारी, छाटणारी, पाट्या बदलणारी माणसं किती बदलली असतील! त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच जातीला नाही.

एकदा मनाजोगतं झाड मिळालं की ते जसंच्या तसं वाढवायचं ते गुटी कलमानं. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडतात. तिच्यावरची साधारण इंचभर रुंद साल गोल काढतात, वरच्या काठाला मुळं फोडणारं संजीवक लावतात, भिजवून पिळलेलं शेवाळ भोवती बसवून वर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधतात. महिना-दीड महिन्यात पारदर्शक पट्टीतून पांढरी मुळं दिसू लागतात. तेवढ्यावर घाई केली तर रोप हातचं जातं. मुळं तपकिरी होऊ लागली की फांदी कापून पिशवीत लावतात आणि शेडनेटखाली ठेवतात. कृषी पदवीच्या मुलांना हे पुस्तकात वाचून येत नाही. साल काढताना सुरी खोल गेली की फांदी वाळते, आणि तो अंदाज बोटांनाच यावा लागतो.

हरितगृहाचं शिक्षणही इथं जरा उलट्या अंगानं होतं. लंडनजवळच्या क्यू उद्यानातलं काचेचं पामघर 1848 मध्ये उभं राहिलं ते ऊब कोंडून ठेवण्यासाठी. नगर जिल्ह्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात ऊब कोंडली तर रोपं होरपळतील. म्हणून पॉलिहाऊसची उंची, बाजूचे पडदे, वरची झरोक्याची फट, आतली सावलीची जाळी आणि फॉगरचं धुकं, ही सगळी योजना उष्णता बाहेर काढण्यासाठी आणि हवेत ओल राखण्यासाठी असते. पडदे कधी सोडायचे आणि फॉगर कधी थांबवायचे, हे विद्यार्थ्यांना तिथं उभं राहूनच कळतं. ओल जरा जास्त झाली की बुरशी आलीच.

भगव्याच्या यशानं एक संकटही मोठं केलं. त्याच सुमाराला तेलकट डाग, शेतकऱ्यांच्या बोलीत तेल्या, महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या बागांत पसरला. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या थेंबांनी आणि रोगट कलमांनी पसरतो. मैलोगणती एकच जात, तीही कलमानं वाढलेली म्हणजे एकाच मुशीतली. रोगाला अडवणार कोण? 2005 मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघालं, तरी तेल्यावर रामबाण उपाय अजून नाही. अशा वेळी बाजारात भाव न मिळणारी, आंबट, कडक बियांची, नाव विसरलेली डाळिंबं मोलाची ठरतात. प्रतिकारशक्ती सापडलीच तर त्यांच्यातच सापडेल. नव्या जातीच्या प्रसारणाला समारंभ होतो. जुन्या जननद्रव्याच्या वाफ्याला मात्र दरवर्षी पाणी आणि मजुरी हवी असते, आणि तो खर्च संशोधनाचा पहिला खर्च म्हणूनच मांडायला हवा.

हीच जाणीव याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी, विद्यापीठाबाहेर उमलली. राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंतच्या गावरान वाणांचं बियाणं जमवलं. ‘बायफ’ संस्थेच्या साथीनं त्याची बँक उभी राहिली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कलमाची झाडं विद्यापीठात आणि बियांची गाडगी आदिवासी घरात, असे दोन संग्रह एकाच जिल्ह्यात आहेत. कृषीच्या मुलांनी दोन्हीकडं शिकायला जावं.

2020 मध्येच राज्य सरकारनं गणेशखिंडीची बाग जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. ती आजही राहुरी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. पुणे वाढत वाढत तिच्या कुंपणाला भिडलं आहे. या घोषणेमुळं शहराच्या मधोमध असलेल्या या जमिनीला कायद्याचा आधार मिळाला, आणि आंब्याच्या त्या जुन्या झाडांवरून कलमं बांधण्याचं काम तिथंच चालू राहण्याची सोय झाली.