कीड ओळखावी, मगच औषध आणावे

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. या परिसरात कापूस, ऊस, मोसंबी ही पिके घेतली जातात आणि शेतातली माणसे, अवजारे व औषधे रोज घरात ये-जा करतात. बोंडअळीवरची बाटली पडवीच्या कोनाड्यात विसावते, गव्हात ठेवायच्या गोळ्या फडताळात जातात. त्याच घरात आपले वृद्ध आई-वडील दिवसाचे चोवीस तास राहत असतात. अशा घरात पुष्कळदा किडीपेक्षा तिच्यावरचा उपायच अधिक घातक ठरतो.

उतारवयात यकृत व मूत्रपिंडे मंदावतात, त्यामुळे शरीरात गेलेले विष लवकर बाहेर पडत नाही. घ्राणशक्ती कमी झाल्याने दर्प जाणवत नाही आणि दृष्टी अधू असल्याने बाटलीवरचे अक्षर वाचता येत नाही. दमा वा हृदयविकार असेल तर थोडी वाफही त्रास देते. म्हणून आधी कीड ओळखावी, मग सौम्य उपाय करावा आणि विषाकडे सर्वांत शेवटी वळावे.

शिवारातील कीड

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. ती दिसली की सावध व्हावे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, अथवा वीस हिरवी बोंडे फोडल्यावर दोहोंत अळी निघाली, तरच फवारणीचा विचार करावा. बोंडे फोडून मोजण्याचे हे काम घरातील आजोबाही बसल्या जागी करू शकतात. डिसेंबरनंतर फरदड न ठेवल्यास अळीची साखळी तुटते.

मोसंबीच्या खोडावर विष्ठेची व भुशाची जाळी दिसली, तर ती साल खाणाऱ्या अळीची खूण समजावी. जाळी काढून छिद्रात तार घालावी, म्हणजे आतील अळी मरते. तेवढ्यासाठी संपूर्ण बाग फवारण्याचे कारण नाही. शंका असल्यास खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा गावचे कृषी सहायक यांना किडलेला नमुना दाखवावा.

अंदाजाने फवारण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीच्या दिवशी वृद्धांना शेतातील आखाड्यावर थांबवू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि ते आजीच्या हाती धुण्यास देऊ नयेत.

धान्यातील कीड

गव्हा-ज्वारीत लांब सोंडेचा बारीक किडा दिसला, तर तो सोंडकिडा होय. कडधान्याला गोल भोक पडलेले असेल, तर ते काम भुंगेऱ्याचे आहे. दोघांनाही ओलावा हवा असतो. धान्य कडक उन्हात वाळवून, दाताखाली कट्कन फुटते की नाही हे पाहून, पूर्ण निवल्यावरच भरावे. कोठीच्या फटी बुजवाव्यात, जुने धान्य नव्यात मिसळू नये. कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवण्याची आपल्या आजीची रीत आजही उपयोगी आहे. हवाबंद पिशवीत भरलेल्या धान्यातील किडे प्राणवायू संपल्याने मरतात, औषध लागत नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. धान्यात ठेवल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि फटींतून शेजारच्या खोलीतही शिरतो. त्याच्यावर उतारा नाही. नियमाप्रमाणे हे औषध शासकीय यंत्रणा व प्रशिक्षित कीडनियंत्रक यांच्यासाठीच आहे. धान्याची कोठी असलेल्या खोलीत आई-वडिलांचा बिछाना असेल, तर कोठीत काय ठेवले आहे याची आजच चौकशी करावी.

विष आणि त्याची लक्षणे

कीटकनाशक कधीही शीतपेयाच्या वा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. ते मूळ डब्यातच, घराबाहेर, कुलपात असावे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग ओळखायला शिकावे: लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्याखाली क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. उंदरांसाठी विषारी गोळ्यांऐवजी पिंजरा वापरावा.

अचानक घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, हातपाय लटपटणे किंवा धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे असू शकतात. वृद्धांच्या बाबतीत आपण ती पित्तावर, उन्हावर किंवा वयावर ढकलतो आणि मोलाचा वेळ गमावतो. घरात वा शेतात त्या दिवशी औषध वापरले होते का, हा प्रश्न आधी विचारावा. रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे. हे करताना स्वतः हातमोजे घालावेत. उलटी करवू नये, मिठाचे पाणी वा दूध पाजू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. त्यावरील नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

या आठवड्यात आपण एकच काम करावे. घरातील प्रत्येक कोनाडा, फडताळ आणि कोठी उघडून पाहावी. औषध कोणत्या किडीसाठी आणले होते हे सांगता येत नसेल, तर त्याला घरात जागा देऊ नये. मात्र ते मोरीत वा नदीत ओतू नये. त्याची विल्हेवाट कशी लावावी हे कृषी सहायकांना विचारावे.