कापड कोणाच्या दुकानातून घ्यावे?

कापडाच्या दुकानात शिरलेला ग्राहक पोत चाचपतो, रंग पक्का आहे ना याची खात्री करून घेतो आणि मग भावाची घासाघीस सुरू करतो. गादीवर बसलेल्या मालकाचे राजकीय मत काय, हे विचारण्याची पद्धत नाही. तरीही अधूनमधून अशी वेळ येते, की दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी लोक हाच प्रश्न प्रथम विचारू लागतात. अमेरिकेत जानेवारी २०१७ मध्ये ‘एल. एल. बीन’ या जुन्या कंपनीचे कपडे आणि बूट घेऊ नका, असे आवाहन झाले. संस्थापकाच्या एका नातीने डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारासाठी पैसे दिले होते, एवढेच त्याचे कारण होते. त्यावर ट्रम्प यांनी याच कंपनीचा माल घ्या, असा उलट सल्ला दिला. आमच्या कुटुंबात पन्नासहून अधिक माणसे आहेत आणि त्यांची मते एकसारखी नाहीत, असा खुलासा करण्याची पाळी कंपनीवर आली.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे हा प्रयोग कितीतरी आधी झाला आहे, आणि तोही फार मोठ्या प्रमाणावर.

पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात हाताने कातलेल्या सुताची खादी अंगावर घालून गेले. देशी मालाची दुकाने निघावीत यासाठीही त्यांनी खटपट केली. त्या काळी विचारले जात होते ते कापडाबद्दल: ते कोठे विणले गेले? दुकानदार कोणत्या विचारांचा आहे याची चौकशी करण्याची गरज नव्हती, कारण देशी माल विकण्याचा आतबट्ट्याचा व्यवहार करायला त्या विचारांचा माणूसच पुढे येत असे.

वंगभंगानंतर चित्र बदलले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाने सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तिच्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे पुढच्याच वर्षी मुंबईत निघालेले ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’. लोकमान्य टिळकांचा तिच्या उभारणीत हात होता. देशात तयार झालेला माल एका छपराखाली मिळावा, ही कल्पना. होळीत कपडे टाकून घरी परतणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी नेसायला धोतर लागतेच, हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी हे दुकान काढले, असे म्हणायला हरकत नाही. फोर्टातील ते दुकान पुढे ‘द बॉम्बे स्टोअर’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

परंतु एका दुकानाने देशाची गरज भागणार नव्हती. ती भागवणार होत्या मुंबईच्या गिरण्या, आणि खरी गुंतागुंत तेथून सुरू होते. स्वदेशी कापडाला मागणी वाढताच गिरणीवाल्यांना सुगीचे दिवस आले. बंगालमधील पुढाऱ्यांनी धोतरजोड्यांचे भाव चढवू नका, अशी विनंती केली, भाव चढलेच. देशभक्त ग्राहक महाग कापड घेत राहिला आणि जादा पैसा गिरणीमालकाच्या खिशात गेला. त्यातच गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. पूर्वी सूर्य मावळला की काम थांबे. आता ते थांबण्याचे कारण उरले नाही आणि कामगाराचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९०५ च्या शरद ऋतूत, म्हणजे स्वदेशीचा जोर ऐन भरात असताना, याच लांबलेल्या तासांविरुद्ध गिरणगावात कामगार बिथरले. पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा व्हायला १९११ साल उजाडले.

स्वदेशीचे कापड घेणाऱ्या ग्राहकाला यातले काही दिसत नव्हते. त्याने प्रश्न विचारला होता तो कापडाच्या जन्मस्थानाचा आणि त्याचे उत्तर त्याला बरोबर मिळत होते. मात्र जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कोण रस्त्यावर आले? गिरणीमालक नव्हे, त्यांचे कामगार. सहा दिवस गिरण्या बंद राहिल्या आणि गोळीबारात माणसे मेली. स्वदेशीचा नफा एकीकडे आणि तिच्या नेत्याविषयीची निष्ठा दुसरीकडे, अशी ही वाटणी होती.

३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी परळला विलायती कपड्यांचा प्रचंड ढीग पेटवला, तो उमर सोबानी यांच्या आवारात. सोबानी स्वतः गिरणीमालक असून चळवळीचे खंदे समर्थक होते; तेव्हा सगळेच मालक केवळ नफ्यासाठी स्वदेशीवाले झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उघड्यानागड्यांच्या देशात कपडे जाळण्यावर रवींद्रनाथांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला होता. त्याहून वाईट गोष्ट नोव्हेंबरात घडली. प्रिन्स ऑफ वेल्स १७ तारखेला मुंबईत उतरले आणि स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, ज्यू नागरिकांवर जमाव तुटून पडला. लोकांच्या डोक्यावरच्या विलायती टोप्या हिसकावण्यात आल्या. दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी उपोषण आरंभले. कपड्यावरून माणसाचे मत ओळखता येते, एवढा विश्वास जमावाला आला की टोपी हाच पुरावा ठरतो.

१९३० च्या सविनय कायदेभंगात मात्र प्रश्न थेट मालकाकडे वळला. मुळजी जेठा मार्केटसारख्या बाजारांतील दुकानांपुढे स्वयंसेविका निरोधनाला उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांकडून विलायती माल न विकण्याची वचने घेण्यात आली. काँग्रेसने गिरण्यांकडूनही प्रतिज्ञापत्रे मागितली: परदेशी सूत वापरणार नाही, खादीशी स्पर्धा करणारे जाडेभरडे कापड काढणार नाही, राष्ट्रीय चळवळीच्या विरोधात जाणार नाही. सही करणाऱ्या गिरण्या मान्य यादीत आणि न करणाऱ्यांच्या मालावर बहिष्कार. म्हणजे मुंबईतच विणलेले कापडसुद्धा मालकाच्या भूमिकेवरून त्याज्य ठरू शकत होते. हिंदी कापड आणि स्वदेशी कापड या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

या प्रतिज्ञापत्रांत कामगाराच्या पगाराचा मुद्दा ठळक नव्हता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झालेला आणि तिच्याखाली चिरडला गेलेला बाबू गेनू हा गिरणी कामगारच होता. दुसऱ्या टोकाला, फेब्रुवारी १९३१ मध्ये बनारसला परदेशी कापड विकणाऱ्या एका मुसलमान व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्यातून तेथे दंगल भडकली. दुकानावरचा बहिष्कार दुकानदाराच्या धर्मावर कधी घसरतो, याची सीमारेषा तेव्हाही पुसट होती.

कामगाराच्या मोबदल्याचा प्रश्न कोणी ग्राहकापुढे ठेवलाच नाही, असे नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेला अखिल भारत चरखा संघ खादी विक्रेत्यांना प्रमाणपत्र देत असे. गांधीजींच्या आग्रहावरून १९३५ मध्ये संघाने कातणाऱ्या स्त्रियांना निर्वाहापुरती मजुरी मिळावी, असे धोरण स्वीकारले. ते न पाळणाऱ्याचे सूत हातचे असले तरी त्याची खादी अप्रमाणित. परिणाम व्हायचा तोच झाला. खादी महागली आणि बाजारात अप्रमाणित खादी स्वस्त मिळत राहिली. खादीधारी कार्यकर्त्यांनाही खिशाचा विचार करावा लागला. दुकानदार आपल्या विचाराचा आहे, त्याच्या भिंतीवर आपल्या नेत्याची तसबीर आहे, यात समाधान मानणे किती सोपे आणि कातणारणीला पूर्ण दाम देणे किती अवघड, हे त्या चार-दोन आण्यांच्या फरकाने दाखवून दिले.

प्रमाणपत्राची ती परंपरा आजही चालू आहे. २०१३ च्या नियमांनुसार ‘खादी मार्क’ असल्याखेरीज कापड खादी म्हणून विकता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरील खादी एम्पोरियम चालवणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र रद्द केले. ही संस्था १९५४ पासून ते दुकान चालवत होती. खादीच्या नावाखाली खादी नसलेला माल विकल्याचा ठपका आयोगाने तिच्यावर ठेवला होता. पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाणाऱ्या ग्राहकांनी चिठ्ठी उलटून पाहिली नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. दुकान खादीचे होते, एवढे त्यांना पुरेसे वाटत होते.