मदरशाच्या कुतुबखान्यात किताबा कशा जपतात? आणि घरातल्या जुन्या किताबांचं काय करावं?

शाबानचा महिना आला की मदरशांत सालाना इम्तिहान सुरू होतात. ते संपले की घरी निघण्याआधी तलबांना आणखी एक काम असतं. वर्षभर वापरलेल्या किताबा कुतुबखान्यात परत जमा करायच्या असतात. देवबंदच्या दारुल उलूमपासून आपल्याकडच्या बऱ्याच लहान मदरशांपर्यंत रीत साधारण हीच आहे. शव्वालमध्ये नवं साल सुरू होताना दर्सी किताबा विद्यार्थ्याला वापरायला मिळतात आणि शाबानमध्ये त्या परत घेतल्या जातात. एकच प्रत अनेक वर्षं, अनेक हातांतून जाते.

एवढं वापरूनही ती टिकते कशी, हे आपण समजून घेतलं पाहिजे. कारण आज हा प्रश्न आपल्या घरांतही आहे. आजोबांच्या कपाटात उर्दू, अरबी, फारसी किताबा असतात. नातवंडं मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. मग घर बदलताना किंवा रंगकाम काढताना या किताबांचं गाठोडं मशिदीत नेऊन ठेवलं जातं, नाहीतर सरळ रद्दीत जातं.

सुट्टीतलं काम

परत आलेली प्रत्येक किताब रजिस्टरमधल्या नंबराशी पडताळली जाते. पानं पुरी आहेत का, शिवण सुटली का, हे बघून तीन ढीग केले जातात. पहिला ढीग लगेच वापरता येणाऱ्या किताबांचा, दुसरा जिल्दसाजाकडे द्यायच्या आणि तिसरा आता वापरातून काढायच्या किताबांचा. रमजानच्या सुट्टीत दुसऱ्या ढिगाचं काम होतं.

इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हिजरी साल सौर सालापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ही सुट्टी ऋतूंमधून मागे सरकत जाते. 2012 मध्ये रमजान जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात होता. कोकणात त्या दिवसांत खळ नीट वाळत नाही, आणि ओल्या खळीच्या जिल्देला बुरशी लागते. हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत येतो. पुढची काही वर्षं तो हिवाळ्यात असेल, आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. ज्या मदरशांना दुरुस्तीचं मोठं काम काढायचं आहे, त्यांच्यासाठी हीच वर्षं चांगली आहेत.

किताबेचे दुश्मन

पहिला दुश्मन ओल. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरू लागते. म्हणून कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, चार बोटं जागा सोडावी. खालचा कप्पा जमिनीपासून वर असावा. किताबा ठासून भरू नयेत, मधून हवा खेळली पाहिजे. भिजलेली किताब कडक उन्हात टाकू नका, कागद कडक होतो आणि शाई उडते. सावलीत, पंख्याखाली पानं हळूहळू मोकळी करत वाळवा.

दुसरा दुश्मन कीड. कसर आणि झुरळं खळ व पुठ्ठा खातात, वाळवी तर सगळंच खाते. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाची पुरचुंडी हे आपल्याकडचे जुने उपाय आहेत. जुन्या हस्तलिखितांवर कधीकधी ‘या कबीकज’ असे शब्द लिहिलेले दिसतात. कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचं नाव. पुढे त्या नावानेच कीड पळते अशी समजूत पडली. खरा उपाय मात्र साधा आहे. महिन्यातून एकदा किताबा बाहेर काढून कोरड्या मऊ ब्रशने झटका. ज्या कपाटाला हात लागतो, तिथे कीड लवकर दिसते.

तिसरा दुश्मन आपणच. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावली की काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि पट्टी काढताना अक्षरंही निघतात. त्यापेक्षा फाटलेलं पान तसंच राहू द्या. हस्तलिखित असेल तर ओल्या फडक्याने कधीच पुसू नका. जुनी काळी शाई काजळ आणि डिंकाची असते, पाणी लागलं की पसरते.

नवं म्हणजे मजबूत असं नाही

दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित पुष्कळदा शंभर वर्षांपूर्वीच्या छापील किताबेपेक्षा चांगल्या अवस्थेत असतं. पूर्वीचा हातकागद चिंध्या आणि ताग-अंबाडीसारख्या धाग्यांपासून बनायचा. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव याच हुनरासाठी ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद आला. त्यात आम्ल असतं, ते कागदाला आतून जाळत जातं. म्हणून त्या काळातल्या लिथो छपाईच्या किताबांची पानं दुमडली की तुटतात. अशी किताब पूर्ण उघडून सपाट दाबू नये, आणि झेरॉक्स मशीनवर तर नकोच. वरून मोबाइलने फोटो काढणं बरं.

वक्फचा शिक्का म्हणजे काय?

मदरशाच्या किताबेवर ‘वक्फ’ असा शिक्का असतो. म्हणजे ती कुणा नाजिमची किंवा उस्तादांची मिळकत नाही. ती विकता येत नाही, आणि देणाऱ्याने घातलेली अट पाळावी लागते. यातून एक अडचण उभी राहते. मदरशाला एकाच किताबेच्या वीस-वीस प्रती मिळतात आणि त्या दुसरीकडे देता येतील का, हा मसला होतो. म्हणून किताब देतानाच एका कागदावर लिहून द्या, ‘गरज नसल्यास दुसऱ्या मदरशाला किंवा गरजूला द्यावी.’ एवढ्या एका ओळीने कुतुबखान्याच्या जिम्मेदारांचं मोठं काम हलकं होतं.

तिसऱ्या ढिगातले कुरआनचे शहीद औराक आणि जीर्ण दीनी किताबा यांची वेगळी पद्धत आहे. उलमा सहसा सांगतात, की ते स्वच्छ कपड्यात गुंडाळून, जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी दफन करावेत. आपल्या भागातल्या आलिमांना विचारूनच हे करा. मशिदीच्या कोनाड्यात पिशवी ठेवून निघून गेलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं होत नाही. ती दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, इतकंच.

घरच्या किताबांसाठी

किताबा कुठेही देण्याआधी एवढं करा:

• उर्दू वाचणाऱ्या एखाद्या बुजुर्गाला किंवा हाफिज साहेबांना घरी बोलवा आणि नावांची यादी करून घ्या.

• हाताने लिहिलेली किताब असेल तर शेवटचं पान जरूर बघा. नकल करणाऱ्याचं नाव, गाव आणि साल बहुधा तिथेच असतं.

• पानांवर नंबर नसले तरी क्रम कळतो. उजव्या पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो जुळला नाही तर पान गहाळ आहे.

• कोऱ्या पानांवर जन्म, निकाह, इंतकालच्या तारखा लिहिलेल्या असतात. घराण्याचा इतिहास म्हणून त्यांचे फोटो काढून ठेवा.

• 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित असेल तर ते राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने ठरवलेल्या व्याख्येत बसू शकतं. ते विकण्याची किंवा देऊन टाकण्याची घाई करू नका.

• देणगी द्यायची असेल तर आधी विचारा. पुष्कळदा आणखी किताबांपेक्षा लोखंडी कपाट, पंखा किंवा जिल्दसाजीचा खर्च जास्त कामाचा असतो.

पाटण्याची खुदाबख्श लायब्ररी आज देशातल्या मोठ्या हस्तलिखित संग्रहांपैकी एक आहे. तिची सुरुवात एका घरातल्या कपाटांपासूनच झाली. वडील मुहम्मद बख्श यांनी सुमारे 1400 हस्तलिखितं मुलाकडे सोपवली. खुदाबख्श यांनी त्यांत भर घातली आणि 1891 मध्ये ती लोकांसाठी खुली केली. पुढे 1969 मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्व दिलं. आपल्या घरी 1400 नसतील, चौदा असतील. पण त्याही कुणीतरी आपल्या हाती सोपवलेली अमानत आहेत. येत्या पावसाळ्याआधी एकदा कपाट उघडा.