शंभर चेहऱ्यांचा कागद

आकडे तेच, फक्त वाक्य फिरवलं आणि माणसांचा कौल बदलला! बार्बरा मॅकनील, एमॉस ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. समजा, फुप्फुसाचा कर्करोग झालाय. ऑपरेशन करून घ्याल की किरणोपचार? ऑपरेशन झालेल्या १०० जणांपैकी १० जण त्याच सुमारास दगावतात, पण पाच वर्षांनी ३४ जण हयात असतात. किरणोपचार चालू असताना कुणी दगावत नाही. पाच वर्षांनी मात्र २२च उरतात. काहींना हे ‘इतके जगतात’ असं सांगितलं, काहींना ‘इतके मरतात’ असं. पहिल्यांपैकी साधारण १८ टक्क्यांनी किरणोपचार निवडले, दुसऱ्यांपैकी ४४ टक्क्यांनी. उत्तरं देणाऱ्यांत डॉक्टरही होते, आणि तेही या शब्दांना भुलले.

म्हणजे रुग्णासाठी माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या हाती केवढी ताकद! सोपे शब्द, ठळक अक्षरं, छोटी वाक्यं हे सगळं हवंच. पण सोपं वाक्यही गुपचूप एका बाजूला ढकलू शकतं. जपानी संशोधक किमिहिको यामागिशी यांना १९९७ साली आढळलं, की ‘१०,००० पैकी १,२८६ बळी’ हे लोकांना ‘१०० पैकी २४’पेक्षा भयंकर वाटतं. खरं तर ते जवळजवळ निम्मंच आहे. म्हणून जाणकार पथ्य पाळतात: सगळे आकडे १०० पैकी, नाहीतर सगळेच १,००० पैकी, आणि जगणारे व मरणारे दोन्ही शेजारी-शेजारी.

त्याहून साधी युक्ती चित्राची. इंग्लंडमधले फॅमिली डॉक्टर ख्रिस केट्स यांनी चेहऱ्यांचा तक्ता रूढ केला. त्यात औषध न घेताही बरे राहणारे, घेऊनही त्रास होणारे आणि औषधामुळेच वाचलेले चेहरे वेगवेगळ्या रंगांत असतात. हा तिसरा रंग किती थोड्या चेहऱ्यांवर असतो, ते पाहून पुष्कळजण चकित होतात.

असा तक्ता १९९५ साली ब्रिटनमध्ये हवा होता. नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तेव्हा दिला गेला. खोटं काहीच नव्हतं, पण धोका होता ७,००० बायकांत एकीला, तो झाला दोघींना. सात हजार चेहऱ्यांत एकाचाच रंग बदलला असता! ‘दुप्पट’ ऐकून कित्येकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे.

आता रुग्णाला निवड करायला मदत करणाऱ्या अशा पत्रकांच्या दोनशेहून अधिक चाचण्या झाल्या आहेत. मला त्यांतली कसोटीच विलक्षण वाटते. किती जणांनी अमुक उपचार निवडला, याला तिथे महत्त्व नाही. आधी विचारतात, तुम्हाला जास्त काय मोलाचं वाटतं: लांब आयुष्य की ऑपरेशनचा धोका टाळणं? मग निवड त्याच्याशी जुळते का, ते पाहतात. एकच कागद वाचून दोघांनी उलट निर्णय घेतले, तरी दोघंही पास.