केडगावची ‘मुक्ती’

पुण्याहून दौंडकडे जाताना वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथं उभारलेल्या संस्थेचं नाव ‘मुक्ती’. हा शब्द ऐकला की आपल्याला जन्ममरणाचा फेरा आठवतो. रमाबाईंच्या मनात होती ती पापापासूनची सुटका. बाप्तिस्मा घेतला तेव्हाच ती त्यांना मिळाली असेल, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तसं झालं नव्हतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. काम वाढत होतं, तरी आत काहीतरी रितं राहिलं होतं. अशात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. लोकांना उपदेश करणारे हे गृहस्थ एका रविवारी स्वतःचंच प्रवचन ऐकून पालटले होते! ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासलं. आपण ख्रिस्ती धर्मात आलो खरे, पण ख्रिस्ताशी गाठ पडलेली नाही, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. एवढ्या विदुषीनं हे कबूल करावं, याचं मला फार मोल वाटतं.

पाप म्हणजे नुसती चुकांची यादी असती, तर एकेक चूक सुधारून माणूस मोकळा झाला असता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल पापाला धनी म्हणतो आणि माणसाला त्याचा दास. चांगलं करावंसं वाटतं, पण हातून होतं नको तेच. दास स्वतःला सोडवू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी मोल द्यावं लागतं. ख्रिस्तानं वधस्तंभावर दिलेल्या प्राणाला मराठी बायबलात म्हणूनच ‘खंडणी’ म्हटलं आहे. वर्तमानपत्रात हा शब्द वेगळ्याच बातम्यांत भेटतो, ते असो.

आता माझं सांगतो. वडिलांच्या पश्चात वाटणी झाली, तेव्हा विहिरीकडचे दहा गुंठे मी माझ्याकडे जास्तीचे लावून घेतले. दादानं विश्वासानं, न वाचताच सही केली होती. पुढं अकरा वर्षं दर रविवारी मी मंडळीबरोबर पापांगीकार म्हटला, प्रभुभोजन घेतलं. देवानं क्षमा केली, मग दादाला कशाला सांगायचं, अशी सोयीची समजूत करून घेतली होती. पण दादाचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

मला सोडवलं ते जक्कयानं. लूकच्या शुभवर्तमानातला हा जकातदार, लुबाडलेलं चौपट परत देईन म्हणतो. मी ती किंमत समजत होतो आणि म्हणून घाबरत होतो. नीट वाचलं तेव्हा क्रम दिसला. येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघतो. पैशांची गोष्ट जक्कय त्यानंतर काढतो.

गेल्या पावसाळ्यात कागद घेऊन दादाकडे गेलो. त्यानं चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घालून उशीखाली ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “जेवून जा.” दहा गुंठ्यांचा दस्त अजून व्हायचा आहे. त्याला ती जमीन नको आहे, आणि मला ती ठेवायची नाही.